बेपत्ता विमानाचा फौजदारी तपास कुणाचा? अधिकारक्षेत्र ठरवण्याची पायरीपायरीने रीत

विमान बेपत्ता झाल्याची बातमी आली की सगळ्यांच्या नजरा समुद्राच्या नकाशाकडे वळतात. कुठे पडलं असेल, तिथून जवळचा देश कोणता, मग तपास त्याच देशाचा का? फौजदारी अधिकारक्षेत्र ठरवायचं असेल तर हा नकाशा थोडा वेळ बाजूला ठेवा. विमान कुठे आहे हेच माहीत नसताना त्या जागेवरून हद्द ठरणार कशी? ती माहीत असलेल्या गोष्टींवरून ठरवावी लागते: नोंदणी कुठली, विमान कुठून उडालं, आत कोण होतं, माल कुठे चढला, आणि ज्याच्यावर संशय आहे तो आज कुठे आहे. या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहायच्या ते इथे मांडलं आहे. बातमी लिहिणारे, कायदा शिकणारे, आणि ज्यांचं माणूस अशा विमानात होतं ते घरचे लोक, असे तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी दोन तपास वेगळे करा

अशा घटनेनंतर बहुतेक वेळा दोन तपास एकाच वेळी चालतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिला सुरक्षा तपास. तो नागरी विमान वाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ प्रमाणे होतो. पुन्हा असा अपघात होऊ नये एवढाच त्याचा हेतू. दोषी कोण, शिक्षा कुणाला, हे त्याच्या कक्षेत येत नाही. दुसरा फौजदारी तपास. तो पोलीस, सरकारी वकील किंवा तपास न्यायाधीश आपापल्या देशाच्या दंडसंहितेखाली करतात.

सुरक्षा तपासाच्या बाबतीत परिशिष्ट १३ स्पष्ट आहे. अपघाताच्या व्याख्येतच विमान बेपत्ता होणं धरलेलं आहे: अधिकृत शोध थांबला आणि अवशेष सापडले नाहीत, की विमान बेपत्ता मानायचं. घटना कोणत्या देशाच्या हद्दीत घडली हे नक्की सांगता येत नसेल, तर नोंदणीच्या देशाने तपास सुरू करायचा. फौजदारी तपासाला इतकं सरळ उत्तर नाही. एकाच घटनेवर चार-पाच देशांचा अधिकार एकाच वेळी असू शकतो, आणि त्यांत पहिला मान कुणाचा हे सांगणारा सर्वमान्य नियम नाही. म्हणून ‘तपास अमुक देशाकडे आहे’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न विचारा: कोणता तपास?

या दोन तपासांना जोडणारा एक दुवा परिशिष्टात आहे. सुरक्षा तपास करताना घातपाताचा किंवा अपहरणाचा संशय आला, तर तपासाच्या प्रमुखाने संबंधित देशांच्या विमान सुरक्षा यंत्रणांना ताबडतोब कळवायचं. पण तपास फौजदारी यंत्रणेच्या हाती जायचा की नाही, यावरून देशांचं किती बिनसू शकतं हे १९९९ मध्ये दिसलं. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कहून कैरोला निघालेलं इजिप्तएअर ९९० हे विमान नँटकेट बेटाच्या दक्षिणेला आंतरराष्ट्रीय समुद्रात कोसळलं. २१७ माणसं गेली. विमान इजिप्तच्या नोंदणीचं, म्हणून सुरक्षा तपासाचा हक्क इजिप्तचा. इजिप्तने तो अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे, म्हणजे एनटीएसबीकडे, सोपवला. थोड्याच दिवसांत प्रकरण एफबीआयकडे, म्हणजे अमेरिकेच्या गुन्हे तपास यंत्रणेकडे, देण्याची तयारी सुरू झाली आणि इजिप्तने त्याला ठाम हरकत घेतली. तपास एनटीएसबीकडेच राहिला. २००२ च्या अहवालात सहवैमानिकाने नियंत्रणांवर केलेल्या हालचालींकडे बोट दाखवलं गेलं. इजिप्तच्या अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते दोष यंत्रणेत होता. माझ्या मते या प्रकरणातून शिकायची गोष्ट अशी: सुरक्षा तपास दुसऱ्याला सोपवला म्हणून फौजदारी अधिकार सोपवला असं होत नाही. ते दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन वेगळ्या कागदांवर व्हायला हवेत.

नोंदणीची अक्षरं वाचा

प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर नोंदणीची अक्षरं असतात. ९एम म्हणजे मलेशिया, व्हीटी म्हणजे भारत, एफ म्हणजे फ्रान्स, एन म्हणजे अमेरिका, एसयू म्हणजे इजिप्त. विमानाचं राष्ट्रीयत्व ते हेच. कंपनीचं नाव, तिच्या मालकाचा देश, वैमानिकाचा पासपोर्ट, यांतल्या कशानेही ते बदलत नाही.

टोकियो करार १९६३ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये अमलात आला. विमानात घडलेल्या गुन्ह्यावर नोंदणीच्या देशाला अधिकार आहे, हे त्यात लिहून ठेवलं आहे. आज हे उघडच वाटतं, पण तसं ते नव्हतं. १९४८ मध्ये पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या एका अमेरिकी विमानात खुल्या समुद्रावर मारामारी झाली. वैमानिकावर आणि हवाई सेविकेवर हल्ला झाला. खटला चालला, कृत्य सिद्ध झालं, आणि १९५० मध्ये न्यायाधीशांना आरोपीला सोडावं लागलं. कारण तेव्हाचा कायदा खुल्या समुद्रावरच्या जहाजांबद्दल बोलत होता, त्यावरून उडणाऱ्या विमानाबद्दल नाही. ही पोकळी टोकियो कराराने भरली. त्यामुळे विमान कुठेही नाहीसं झालं तरी निदान एक देश असा असतोच, ज्याला ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं म्हणता येत नाही.

१ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकवर नाहीसं झालं. २२८ माणसं आत होती. शोधाच्या पहिल्या आठवड्यांत समुद्रातून मृतदेह काढण्याचं मोठं काम ब्राझीलने केलं. पण विमान फ्रान्सच्या नोंदणीचं, जागा खुल्या समुद्रातली, आणि मृतांमध्ये फ्रेंच नागरिक बरेच. सदोष मनुष्यवधाचं प्रकरण पॅरिसमध्ये उभं राहिलं. विमान कंपनी आणि विमान बनवणारी कंपनी, दोघींवर खटला चालला. २०२३ मध्ये न्यायालयाने दोघींना निर्दोष ठरवलं, मग प्रकरण अपिलात गेलं.

या पायरीवर तीन अपवाद तपासून घ्या. विमान वैमानिकांशिवाय भाड्याने दिलेलं असेल, तर अपहरण आणि घातपाताच्या करारांखाली भाडेकरूच्या मुख्य कार्यालयाचा देशही अधिकार सांगू शकतो. २०१४ च्या माँट्रियल प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, टोकियो करारात विमान चालवणाऱ्या कंपनीच्या देशाची आणि विमान उतरेल त्या देशाची भर घातली, पण ती फक्त तो प्रोटोकॉल स्वीकारलेल्या देशांपुरती. तिसरा अपवाद सरकारी विमानांचा: लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांची विमानं शिकागो कराराच्या बाहेर आहेत. २२ जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं भारतीय हवाई दलाचं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. त्यात २९ जण होते. जवळजवळ साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सुमारे ३,४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष दिसल्याचं जाहीर झालं. अशा विमानाला परिशिष्ट १३ लागू नाही, परदेशी प्रतिनिधींचा हक्क नाही. चौकशी त्या दलाची आणि त्या देशाची.

आकाशाच्या रेषांनी फसू नका

देशाची सार्वभौम हवाई हद्द म्हणजे त्याची जमीन आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र, एवढ्यावरचं आकाश. २०० सागरी मैलांचं विशेष आर्थिक क्षेत्र मासे आणि तेलासाठी महत्त्वाचं असेल, पण त्यावरचं आकाश कुणाच्या मालकीचं नाही. तिथे अवशेष सापडले म्हणून किनाऱ्यावरच्या देशाला आपोआप फौजदारी अधिकार मिळत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो हवाई माहिती क्षेत्रांचा, ज्यांना एफआयआर म्हणतात. पोलिसांतल्या एफआयआरशी याचा संबंध नाही. विमानांशी संपर्क कोणत्या नियंत्रण केंद्राने ठेवायचा याची ही वाटणी. ८ मार्च २०१४ च्या रात्री मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. आत २३९ माणसं होती. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचा शेवटचा आवाज ऐकू आला. दोनच मिनिटांनी, मलेशियाच्या नियंत्रणाकडून व्हिएतनामच्या नियंत्रणाकडे जाण्याच्या बिंदूपाशी, ट्रान्सपाँडरचा, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्राचा, संकेत बंद पडला. १ वाजून ३९ मिनिटांनी हो ची मिन्हच्या केंद्राने क्वालालंपूरला विचारलं, विमान कुठे आहे? तेव्हा ते कुणाच्या नियंत्रणाखाली होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. कर्तव्यात कसूर झाली का, हे ठरवायला तो प्रश्न मोलाचा आहे. फौजदारी हद्दीसाठी मात्र त्याने काहीच ठरत नाही. व्हिएतनामच्या नियंत्रण क्षेत्रात शिरणं म्हणजे व्हिएतनामच्या कायद्याखाली येणं नव्हे.

शोध आणि बचाव क्षेत्रांचंही तसंच. एमएच ३७० दक्षिण हिंदी महासागरात संपलं असावं, हा निष्कर्ष उपग्रहाच्या संकेतांवरून निघाला आणि तो भाग ऑस्ट्रेलियाच्या बचाव क्षेत्रात येतो. म्हणून समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटरचा शोध ऑस्ट्रेलियाने चालवला. जानेवारी २०१७ मध्ये तो थांबला. सुरक्षा तपास तेव्हाही मलेशियाचाच होता आणि गुन्ह्याचा तपास मलेशियाच्या पोलिसांकडेच होता.

कायद्याच्या दृष्टीने उड्डाण कधी संपतं, हा एक बारीक प्रश्न इथे येतो. १९७० च्या हेग कराराप्रमाणे प्रवासी चढल्यावर बाहेरचे सगळे दरवाजे बंद होतात तेव्हापासून ते उतरण्यासाठी दरवाजा उघडेपर्यंत विमान ‘उड्डाणात’ असतं. विमान नाइलाजाने कुठे उतरलं असेल, तर तिथले अधिकारी विमानाची आणि माणसांची जबाबदारी घेईपर्यंत उड्डाण चालूच मानतात. म्हणजे एखादं विमान निर्जन धावपट्टीवर उतरवून लपवलं असेल, तर कायद्याच्या लेखी ते अजून उडतच आहे, आणि तिथे घडलेलं कृत्यही कराराच्या कक्षेत येतं.

मग जमिनीवर परत या

फौजदारी तपासाचं खरं बळ बहुतेक वेळा समुद्रात नसून ज्या विमानतळावरून विमान उडालं तिथे असतं. बॅगांच्या नोंदी, मालाचे कागद, कॅमेऱ्यांचं चित्रण, तिकिटं कुणी काढली, इंधन किती भरलं, हे सगळं तिथे आहे. आणि गुन्ह्याचा काही भाग तिथे घडला असेल तर त्या देशाला प्रादेशिक अधिकार मिळतो. न्यायालयात सर्वांत भक्कमपणे टिकणारा अधिकार तोच.

एअर इंडियाचं ‘कनिष्क’ हे याचं सर्वांत दुःखद उदाहरण. २३ जून १९८५ ला माँट्रियलहून लंडनकडे येताना ते आयर्लंडच्या रडारवरून अचानक नाहीसं झालं. ३२९ माणसं गेली, त्यांत २६८ कॅनडाचे नागरिक. अवशेष आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, दोन किलोमीटर खोल समुद्रात. आता पायऱ्या लावून पाहा. विमान भारताच्या नोंदणीचं, म्हणून अपघाताची न्यायालयीन चौकशी भारताने केली. मृतदेह आयर्लंडमधल्या कॉर्कला आणले गेले, म्हणून मृत्यूंच्या कारणांची चौकशी तिथल्या कॉरोनरसमोर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, झाली. बाँब असलेली बॅग कॅनडातल्या व्हँकुव्हरला चढवली गेली, म्हणून हत्येचा खटला ब्रिटिश कोलंबिया या तिथल्या प्रांताच्या न्यायालयात चालला. समुद्र ज्या देशाजवळचा, त्या आयर्लंडच्या वाट्याला खटला आलाच नाही. तपासाला वीस वर्षं लागली, २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी सुटले, आणि फक्त बाँब बनवण्यात हात असलेल्याला शिक्षा झाली. त्या कुटुंबांना न्याय मिळाला असं मला म्हणवत नाही. पण अधिकाराचा प्रश्न मात्र बरोबर जागी सुटला होता.

मोठा गुन्हा कुठे घडला हे माहीत नसेल तर लहान, पक्का गुन्हा शोधा. एमएच ३७० मध्ये दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टांवर चढले होते, एक ऑस्ट्रियाचा आणि एक इटलीचा. दोन्ही थायलंडमध्ये चोरीला गेले होते. या प्रवाशांचा विमान नाहीसं होण्याशी संबंध असल्याचा पुरावा निघाला नाही. ते युरोपात आश्रय शोधणारे इराणी तरुण होते. पण रीत म्हणून पाहा: खोट्या पासपोर्टवर प्रवास हा क्वालालंपूर विमानतळावर घडलेला गुन्हा आहे, चोरी थायलंडमध्ये घडलेला. दोन्हींची जागा ठाऊक, दोन्हींवर हद्दीचा वाद नाही, आणि तेवढ्यावर घरझडती, फोनच्या नोंदी, साक्षी, सगळं कायदेशीरपणे सुरू करता येतं.

विमानच चोरीला गेलं असेल तर ही पायरी आणखी महत्त्वाची. २५ मे २००३ ला अंगोलात लुआंडाच्या विमानतळावरून एक बोइंग ७२७ परवानगीशिवाय, दिवे बंद ठेवून उडालं आणि आजवर सापडलेलं नाही. त्यावर अमेरिकेची नोंदणी होती. चोरीची जागा अंगोला, नोंदणी अमेरिका: दोन्ही देशांना अधिकार होता आणि अमेरिकेच्या यंत्रणांनी शोध घेतलाही.

आत कोण होतं

बळी आपला नागरिक असेल तर गुन्हा परदेशात घडला तरी आपला कायदा लागू, असं काही देशांच्या दंडसंहितेत लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये ही तरतूद कलम ११३-७ मध्ये आहे. एमएच ३७० मध्ये चार फ्रेंच नागरिक होते, त्यामुळे पॅरिसमध्ये स्वतंत्र न्यायालयीन तपास उघडला गेला. अमेरिकेचा विमान नष्ट करण्याविरुद्धचा कायदाही विमानात अमेरिकी नागरिक असला की परदेशातल्या कृत्याला लागू होतो. म्हणून प्रवाशांच्या यादीतलं प्रत्येक राष्ट्रीयत्व घ्या आणि त्या देशाचा कायदा एकेक करून पाहा. सगळीकडे ही तरतूद नसते, आणि असली तरी तिला अटी असतात.

संशयित कोणत्या देशाचा हाही स्वतंत्र आधार आहे. संशय विमानातल्याच माणसावर असेल आणि तो इतरांबरोबर गेला असेल, तर बहुतेक देशांत मृत व्यक्तीवर खटला चालत नाही. तपास तेव्हाही निरर्थक नसतो, कारण मदत करणारे जिवंत असू शकतात. पण अशा माणसाबद्दल बोलताना जपावं. त्याला आपली बाजू मांडता येत नाही, आणि त्याचेही घरचे लोक वाट पाहत असतात. मलेशियाच्या २०१८ च्या अहवालाने खरं कारण ठरवता येत नाही असं म्हटलं आणि तिसऱ्या व्यक्तीचा हस्तक्षेपही नाकारता येत नाही अशी नोंद केली. त्याच्या पुढे जाऊन कुणाला गुन्हेगार ठरवणं हे तपासाचं काम नाही आणि बातमीचंही नाही.

कृत्याला नाव द्या, मग करार उघडा

अपहरणाला १९७० चा हेग करार. बाँब, तोडफोड, विमानाच्या सुरक्षिततेला धोका होईल अशी खोटी माहिती, याला १९७१ चा माँट्रियल करार. दोन्हींचं नूतनीकरण २०१० मध्ये बीजिंगमध्ये झालं. जुन्या हेग करारात अपहरण करणारा विमानात असणं गरजेचं होतं. बीजिंग प्रोटोकॉलने ती अट काढली आणि तांत्रिक साधनांनी विमान ताब्यात घेणंही अपहरणात धरलं. बाहेरून यंत्रणेत शिरून विमान वळवलं का, अशी शंका असेल तर संबंधित देशांनी जुना करार स्वीकारलाय की नवा, यावर सगळं अवलंबून राहतं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, संकेतस्थळावर प्रत्येक कराराची देशवार यादी असते, तीत तारखेसह पाहा. कृत्याच्या दिवशी त्या देशाला करार लागू होता का, हे महत्त्वाचं.

या करारांचं सर्वांत उपयोगी कलम एकच: संशयित ज्या देशात सापडेल त्याने त्याला सोपवावं, नाहीतर स्वतः खटल्यासाठी प्रकरण आपल्या यंत्रणेपुढे ठेवावं. बाकीचा कोणताही आधार नसला तरी हा उरतो.

दोन-चार देश पुढे आले तर

श्रेष्ठता ठरवणारी यादी नाही, त्यामुळे बोलणी करावी लागतात. व्यवहारात तीन गोष्टींचं वजन पडतं: संशयित कुणाच्या ताब्यात आहे, पुरावा कुणाकडे आहे, आणि कुणाचं न्यायालय खटला शेवटापर्यंत नेऊ शकतं. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे बेपत्ता विमान नव्हतं, पण वाटाघाटींचा नमुना म्हणून त्यासारखं दुसरं उदाहरण नाही. १७ जुलै २०१४ ला ते पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं, २९८ जण गेले. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, मलेशिया आणि युक्रेन यांनी संयुक्त तपास पथक केलं. सुरक्षा परिषदेत खास न्यायाधिकरणाचा ठराव २०१५ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने पडला. मग युक्रेनने २०१७ मध्ये नेदरलँड्सशी करार करून खटला डच न्यायालयात चालवण्याची वाट मोकळी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप झाली. जागा युक्रेनची, नोंदणी मलेशियाची, आणि न्यायालय तिसऱ्याच देशाचं.

इंटरपोल आणि आयकाओ यांच्याकडून इथे फार अपेक्षा ठेवू नका. इंटरपोल माहिती फिरवतं, सूचना काढतं. गुन्ह्याचा तपास देशांचे पोलीस करतात. आयकाओला पोलीस अधिकारच नाहीत.

मुद्देमाल कुणाच्या हाती गेला ते पाहा

२९ जुलै २०१५. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, सेंट-आंद्रे गावाजवळ, किनारा साफ करणाऱ्या लोकांना पंखाचा एक मोठा तुकडा सापडला. त्यावर समुद्री शिंपल्यांचे थर चढलेले होते. तो फ्लॅपरॉन होता, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग. रीयुनियन फ्रान्सचा भाग आहे, आणि पॅरिसमध्ये तपास आधीच उघडलेला होता. त्यामुळे तो तुकडा सापडल्या क्षणापासून फौजदारी प्रकरणातला मुद्देमाल झाला. फ्रेंच न्यायालयाच्या आदेशाने तो तुलूजजवळच्या संरक्षण प्रयोगशाळेत गेला. मलेशियाचे आणि बोइंगचे तज्ज्ञ तपासणीला हजर होते, पण ताबा फ्रेंच न्यायाधीशांचा. मलेशियाच्या पंतप्रधानांनी तो एमएच ३७० चाच असल्याचं जाहीर केलं, त्याच दिवशी पॅरिसच्या सरकारी वकिलांनी मात्र ‘दाट शक्यता’ इतकंच म्हटलं. तुकड्यावरची ओळखपाटी निघून गेली होती. आतले क्रमांक तपासून, त्यातला एक स्पेनमधल्या कारखान्याच्या नोंदीशी जुळला तेव्हा, ३ सप्टेंबरला त्यांनी खात्री दिली. फौजदारी तपासाला लागणारा पुरावा आणि राजकीय घोषणेला लागणारा पुरावा यांतला फरक असा महिन्याभराचा असू शकतो.

पुढच्या वर्षी मोझांबिकच्या किनाऱ्यावर तुकडे सापडले. तिथे कुणी फौजदारी तपास उघडलेला नव्हता. ते तुकडे परिशिष्ट १३ च्या मार्गाने तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला गेले. एकाच विमानाचे तुकडे, एकाच समुद्रातून आलेले, आणि दोन वेगळ्या कायद्यांखाली ठेवलेले. म्हणून कुठलाही अवशेष सापडला की टिपून ठेवा: तो कुणी उचलला, कुणाच्या पंचनाम्यात आला, मोहोर कुणाची, आणि दुसऱ्या देशाला तो पाहायचा असेल तर परवानगी कुणाची लागेल.

माहितीचंही हेच. थायलंडच्या हवाई दलाच्या रडारवर एमएच ३७० चा संभाव्य माग दिसला होता, हे दहा दिवसांनी बाहेर आलं. आधी का सांगितलं नाही, तर कुणी नेमकं विचारलं नव्हतं. तपासाधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी मार्गाच्या आसपासच्या प्रत्येक देशाला लेखी, नेमकी, वेळांसह विनंती पाठवायला हवी. औपचारिक साहाय्याची विनंती महिनोनमहिने घेते. म्हणून सोबत ‘निदान पुसू नका’ अशी जतनाची विनंतीही लगेच पाठवायची.

घरच्यांनी काय विचारावं

आपल्या देशाच्या पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, आणि त्यांनी ‘घटना परदेशातली आहे’ म्हटलं तर तसं लेखी मागा. मग नोंदणीच्या देशाकडून चार गोष्टी जाणून घ्या: गुन्हा नोंदला आहे का, कोणत्या कलमाखाली, क्रमांक काय, आणि तपास कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे. फ्रान्ससारख्या देशात बळींचे नातेवाईक प्रकरणात पक्षकार होऊ शकतात आणि वकिलामार्फत कागदपत्रं पाहू शकतात. आपल्या माणसाचं नागरिकत्व दुहेरी असेल तर ही दारं दोन होतात. सुरक्षा तपासातही, ज्या देशाचे नागरिक गेले त्याला विनंती करून तज्ज्ञ नेमता येतो. त्या तज्ज्ञाला प्रगतीची माहिती आणि अंतिम अहवाल मिळतो. ही विनंती तुमच्या सरकारने केली का, हे जरूर विचारा. अनेकदा ती कुणी केलेलीच नसते.

एक मुदत विसरू नका. भरपाईचा दावा फौजदारी तपासाची वाट पाहत थांबत नाही. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली (हा भरपाईचा करार, १९७१ च्या करारापेक्षा वेगळा) दोन वर्षांची मुदत आहे, आणि विमान पोहोचलंच नसेल तर ते ज्या दिवशी पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून ती मोजतात. तपास अपुरा आहे म्हणून ती वाढत नाही.

अवशेष सापडले की सगळं पुन्हा तपासा

जागा कळली की वरच्या पायऱ्या पहिल्यापासून चालाव्या लागतात. ती १२ मैलांच्या आत असेल तर नवा देश मैदानात येतो. शोधजहाज कोणत्या देशाचं, त्यावर न्यायालयाचा माणूस आहे का, हे जहाज निघण्याआधी ठरलेलं हवं. समुद्रतळावरून वर आलेली वस्तू डेकवर पोहोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होती, यावर पुढे वर्षानुवर्षं युक्तिवाद होऊ शकतो.

एअर फ्रान्स ४४७ चे अवशेष एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर सापडले आणि मेच्या सुरुवातीला दोन्ही रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, वर आले. ते न्यायालयीन मोहोरबंद अवस्थेत फ्रेंच नौदलाच्या जहाजाने फ्रेंच गयानातल्या केयेनला आणि तिथून विमानाने पॅरिसजवळच्या अपघात तपास विभागात पोहोचले. ते उघडताना त्या खोलीत जर्मनी, अमेरिका, ब्रिटन आणि ब्राझीलचे सुरक्षा तपासनीस होते, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच न्यायिक पोलिसांचा एक अधिकारी आणि न्यायालयाने नेमलेला एक तज्ज्ञही होता. पेटी उघडण्यापासून माहिती उतरवून होईपर्यंत सगळ्या कामाचं चित्रीकरण झालं.